सोयाबीन भिजलं आणि महाराष्ट्र परत ढेपाळला

आजची नोंद पिकाची कमी अन् डोक्याच्या तापाची जास्त आहे. ज्यांना फक्त फवारणीचं वाचायचं त्यांनी खालचे दोन परिच्छेद वाचून सोडून दिलं तरी चालतंय.

आधी शेतातलं. सप्टेंबरच्या पावसानं काय केलं ते मंठा-परतूर भागात कुणाला सांगायला नको. माझ्या खालच्या वावरात नऊ दिवस पाणी उभं होतं. शेंगा झाडावरच काळ्या पडल्या, काहींना आतून कोंब फुटले. वरच्या बरड तुकड्यातलं सोयाबीन कापून ताडपत्रीवर वाळत घातलंय. एकरी आठ-नऊ क्विंटल निघायचं तिथं तीन निघालं तरी देवाला नारळ. सरकारनं २०२५-२६ साठी हमीभाव ५३२८ रुपये ठरवला होता, पण ओलावा अन् डागी दाणा बघितला की व्यापारी त्या आकड्याच्या जवळपास फिरकत नाही. ज्यांचं अजून मळायचं राहिलंय त्यांनी घाई करू नका, ओलं मळलं की दाणा फुटतो अन् बियाण्याला तर अजिबात कामाचा राहत नाही. मळणी यंत्राचा वेग कमी ठेवा.

तुरीचं म्हणाल तर बीडीएन ७११ बांधाकडच्या उंचवट्यावर उभी आहे, खोलगटात मर लागली. ज्यांनी रुंद वरंबा सरीवर लावली त्यांची बरी आहे.

आता डोक्याचा ताप. परवा बुधवारी, १५ तारखेला, मी ताडपत्रीवर सोयाबीन उलथत होतो. मोबाईल पाण्याच्या घागरीला टेकवून ठेवलेला. तिरुअनंतपुरमला रणजीचा पहिला सामना, महाराष्ट्र विरुद्ध केरळ. म्हटलं नवा मोसम, नवा डाव, बघू तरी. एक पाळी उलथून आलो तर पृथ्वी शॉ शून्य. दुसरी उलथून आलो तर अर्शीन कुलकर्णी शून्य, सिद्धेश वीर शून्य. कप्तान अंकित बावणे, आपला पैठणचा, तोही शून्य. पहिले चार गडी, चौघंही भोपळा. थोड्या वेळात १८ वर ५.

मी मोबाईल उलटा करून ठेवला. शेजारच्या वावरातून आवाज आला, "काय झालं दादा, गेला का तुमचा महाराष्ट्र?" ह्या माणसाला भारताची मॅच असली की मी आठवतो अन् रणजी असली की माझी चेष्टा आठवते.

पुढं ऋतुराज गायकवाडनं ९१ काढल्या, जलज सक्सेनानं ४९, २३९ पर्यंत गेलो. केरळला २१९ वर थांबवलं. म्हंजे आघाडी मिळाली, तीन गुण मिळाले, सामना अनिर्णित. कुणी म्हणेल मग रडता कामून? सांगतो.

मी १९७१ चा. माझ्या जन्माच्या त्या वर्षी महाराष्ट्र रणजीची फायनल मुंबईशी हरला. अन् कसल्या मुंबईशी? गावस्कर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर हे सगळे वेस्ट इंडीजला भारताकडून खेळायला गेलेले. मागं राहिलेल्या पोरांना घेऊन सुधीर नाईक खेळला. आपल्याकडं चंदू बोर्डे. तरी हरलो. मला हे सगळं शाळेतल्या एका गुरुजींनी सांगितलं. ते पुण्याला शिकून आलेले, खेळाचे लई वेडे. गणिताच्या तासाला सरासरी शिकवताना हजारेंच्या धावा फळ्यावर मांडायचे. मी दहावी पास झालो त्यात त्या सरासरीचा वाटा आहे, हे कबूल करतो.

गुरुजींनीच सांगितलं की महाराष्ट्र रणजी जिंकलाय, पण दोनदाच. १९३९-४० अन् १९४०-४१. कप्तान दि. ब. देवधर, तेव्हा त्यांचं वय पन्नाशीला टेकलेलं. विजय हजारेंनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या त्या त्याच काळात. त्यानंतर नाही. माझ्या बापाच्या लहानपणी नाही, माझ्या नाही, माझ्या पोराच्या नाही. ऐंशीच्या वर वर्षं झाली. एवढ्या काळात आपण देशी कापसावरून संकरितवर आलो, संकरितवरून बीटीवर आलो, ज्वारी सोडून सोयाबीनवर आलो. रणजी काही आली नाही.

त्यात दुसरी गोष्ट भाऊसाहेब निंबाळकरांची. १९४८ साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ ला गाठायला ९ धावा कमी. मधल्या सुट्टीत समोरच्या कप्तानानं, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला अन् टीम घेऊन निघून गेले. निंबाळकरांना भारताकडून एकही कसोटी मिळाली नाही. गुरुजी हे सांगताना डोळे पुसायचे. मला तेव्हा त्यांचं हसू यायचं. आता येत नाही.

ह्या ४४३ बद्दल मला शेतकरी म्हणून एक म्हणायचंय. बांधाकडचं कपाशीचं झाड बघा. एका बाजूनं मोकळी जागा, ऊन भरपूर, खताचा वाटा जास्त, त्याला शंभर-सव्वाशे बोंडं लागतात. पाहुणे आले की आपण त्याच झाडापाशी उभं राहून फोटो काढतो. पण उतारा बांधावरून मोजत नाहीत. कृषी विद्यापीठाचे साहेब लोक प्रयोगाच्या प्लॉटमधून कडेच्या ओळी सोडून देतात ते ह्याच्यासाठीच. महाराष्ट्राच्या क्रिकेटचं तसंच झालंय. फोटो काढायला झाडं लई. हजारे ३१६, निंबाळकर ४४३. आपल्या जालन्याच्या विजय झोलनं २०११ मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ केल्या. ऋतुराजनं २०२२ मध्ये उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले, एक चेंडू नोबॉल होता म्हणून सात, त्या दिवशी नाबाद २२०. मग सेमीफायनलला १६८, फायनलला १०८. अन् ती विजय हजारे करंडकाची फायनल सौराष्ट्रानं नेली. एकरी उतारा शून्य.

माझं दुःख कळावं म्हणून १९९३ अन् २०१४ सांगतो.

१९९२-९३ ची फायनल लुधियानाला, पंजाबशी. मी बावीसचा होतो, नुकतं लग्न झालेलं. दुसऱ्या दिवशीचा पेपर मंठ्याच्या स्टँडवर दुपारी यायचा. मी रोज सायकल काढायचो, घरात सांगायचो युरियाची चौकशी करून येतो. शेवटच्या दिवशी पेपरात बघितलं, पंजाबचं पहिलं विजेतेपद. आमची बायको अजून म्हणते, त्या वर्षी युरियाची चौकशीच लई झाली, युरिया काही आला नाही.

२०१४ चं तर काय सांगू. जानेवारीत वानखेडेवर मुंबईशी उपांत्यपूर्व सामना. मुंबई आदल्या वर्षीची विजेती. पहिल्या डावात आपण शंभराच्या वर धावांनी मागं. अन् मग मुंबई दुसऱ्या डावात १२९ वर गुंडाळली. अडीचशेचं लक्ष्य, केदार जाधव नाबाद १२०, अन् आपला विजय झोल नाबाद ९१. जालन्याचं एकोणीस वर्षांचं पोरगं वानखेडेवर मुंबईला हरवून येतंय! त्या दिवशी मी तुरीची मळणी थांबवून गड्यांना भजे खाऊ घातले. गड्यांना कळेना कशाचे. पुढं इंदूरला बंगालला हरवलं, फायनल हैदराबादला कर्नाटकाशी. केदारच्या त्या मोसमात बाराशेच्या वर धावा, देशात सगळ्यात जास्त. कर्नाटकानं पाचशेच्या वर धावा रचल्या अन् ७ गडी राखून करंडक नेला. २ फेब्रुवारी. त्याच महिन्याच्या अखेरीला अन् मार्चात मराठवाड्यात गारपीट झाली, गहू-हरभरा-मोसंबी सगळं झोपलं. तेव्हापासून मला ह्या दोन गोष्टी वेगळ्या आठवतच नाहीत. एक आठवली की दुसरी येतेच.

त्यानंतरचं पटकन सांगून टाकतो, लांबवण्यासारखं त्यात काही नाही. २०१९-२० ला सेनादलासमोर ४४ धावांत सगळे बाद. जानेवारी २०२३ ला मुंबईत ब्रेबॉर्नवर महाराष्ट्र ३८४, अन् मुंबईही ३८४. बरोबर तेवढ्याच. पहिल्या डावाची आघाडी कुणालाच नाही, सामना अनिर्णित, दोघंही स्पर्धेतून बाहेर. एक धाव हो, एक! चार दिवस खेळून एक लेगबाय कमी पडली.

आता विदर्भाकडं बघा. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण लिहितो. कित्येक वर्षं विदर्भ म्हटलं की समोरची टीम सुट्टीवर आल्यासारखी खेळायची. २०१७-१८ मध्ये ते पहिल्यांदा फायनलला गेले अन् जिंकले. पुढच्या वर्षी परत जिंकले. २०२४-२५ ला तिसऱ्यांदा. ऑक्टोबर २०२५ मध्ये इराणी करंडकही घेतला. काळी माती त्यांचीही, कापूस त्यांचाही, सोयाबीनचा पिवळा मोझॅक त्यांच्याकडंही. पाऊस आपल्यावर रुसतो तसा त्यांच्यावरही रुसतो. खापरखेड्याच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव तिथूनच भारताकडून खेळला. मग त्यांना जमलं ते आपल्याला का नाही?

माझं मत असं. चार दिवसांचा सामना धावा काढून वाचवता येतो, जिंकायला वीस गडी बाद करावे लागतात. विदर्भानं गोलंदाज तयार केले. पहिल्या विजेतेपदाला रजनीश गुरबानी होता, सेमीफायनलला कर्नाटकाला अवघ्या ५ धावांनी हरवलं ते त्याच्या जोरावर, अन् फायनलला हॅट्ट्रिक. तिसऱ्या विजेतेपदाला हर्ष दुबे, एका मोसमात ६९ बळी, रणजीतला विक्रम. ही पोरं त्यांच्याच रोपवाटिकेतली. पोरांना एका जागी ठेवायचं, खाऊ घालायचं, रोज खऱ्या खेळपट्टीवर खेळवायचं, हे त्यांनी कित्येक वर्षं न कंटाळता केलं. अन् चंद्रकांत पंडितांसारखा कडक कोच आणला.

अन् आपण काय केलं? नांग्या भरल्या. गुरबानी विदर्भातून आता आपल्याकडं. जलज सक्सेना मूळचा इंदूरचा, इतकी वर्षं केरळकडून खेळून आता आपल्याकडं. पृथ्वी शॉ मुंबईहून. मी ह्या खेळाडूंना नावं ठेवत नाही. परवा सक्सेनाच्या ४९ नसत्या तर आपण दीडशेत गेलो असतो. नांग्या भरणं वाईट नाही, उगवण विरळ झाली तर भराव्याच लागतात. पण दरवर्षी नांग्या भरायची वेळ येत असेल तर दोष बियाण्यात बघायचा का पेरणीत?

बियाण्यात दोष नाही हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. संजय बांगर बीडचा. रेल्वेकडून खेळला, रेल्वेनं रणजी जिंकली, तो भारताकडून कसोटी खेळला. इक्बाल सिद्दीकी आपल्या संभाजीनगरचा, कसोटी खेळला. बीडचाच सचिन धस, २०२४ च्या १९ वर्षांखालील वर्ल्डकपला सेमीफायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६. तुळजापूरकडचा राजवर्धन हंगरगेकर. विजय झोल तर १९ वर्षांखालील भारताचा कप्तान होता, त्याच्या हाताखाली संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव होते. पुढं ते कुठं गेले अन् आपला कुठं राहिला, हे तुम्हीच बघा. बी उगवतंय. उगवल्यावर त्याचं काय होतंय ते बघणारं कुणी पाहिजे.

आता घरातलं सांगतो, कारण तो विषय नसता तर मी एवढं लिहिलंच नसतं.

माझा पुतण्या सतरा वर्षांचा आहे. डावखुरा, वेगात टाकतो. आमच्या गावात मैदान नाही, पऱ्हाटी उपटलेल्या वावरात खेळतात. टेनिस बॉलच्या स्पर्धांत तालुक्यात त्याला बोलावून नेतात, जेवण अन् पाचशे रुपये देऊन. गेल्या वर्षी एका ठिकाणी निवड चाचणी होती, मीच घेऊन गेलो. शेकडो पोरं, रांग कंपाउंडच्या बाहेर. त्याच्या वाट्याला एक षटक आलं. लेदर बॉल त्याच्या हातात मोजून दहावेळा आला असेल, अन् हिरवळीच्या खेळपट्टीवर तर आयुष्यात पहिल्यांदा उभा राहिला. पायात कॅनव्हासचे बूट. दुसऱ्या चेंडूला घसरला. सहा चेंडू झाले, "नेक्स्ट". साडेतीन तासांचा प्रवास, सहा चेंडू, अन् परत.

त्या साहेबांचं मी काही चुकीचं म्हणत नाही, एवढ्या पोरांत ते तरी काय करणार. पण विरळणीचं काम केलेल्या माणसाला विचारा. रोप दोन पानांवर असताना विरळणी केली तर कोणतं जोमदार अन् कोणतं मरतुकडं हे कळत नाही, चांगलं उपटलं जातं. थोडं वाढू द्यावं लागतं, एकदा पाणी-खत द्यावं लागतं, मग हात घालायचा. जिल्ह्याजिल्ह्यात पोरांना दोन महिने खऱ्या खेळपट्टीवर खेळवून मग निवड केली तर त्या निवडीला अर्थ आहे. मंठ्याच्या पोराला पहिली हिरवळ चाचणीच्या दिवशी दिसावी अन् पुण्याच्या पोराला वयाच्या आठव्या वर्षी दिसावी, मग दोघांना सहा-सहा चेंडू सारखेच दिले म्हणून तो न्याय होत नाही. पुण्याच्या पोरांवर माझा राग नाही. ऋतुराज पुण्याचाच आहे अन् परवा इज्जत त्यानंच राखली.

आमच्यातलेच काही म्हणतील, सरकारी शाळेत मास्तर नाहीत अन् हे हिरवळीची खेळपट्टी मागतंय. खरं आहे. पण इतका पैसा ज्या खेळात फिरतो, त्या खेळाकडं तालुक्याला एक चांगली खेळपट्टी अन् एक जाणता कोच मागितला तर ती भीक होत नाही. मुरूम-मातीचा रोलर आपल्याकडं रस्त्याच्या कामावर पडलेलाच असतो. काळी माती तर काय, खेळपट्टीसाठी चिकणमातीच लागते म्हणतात, ती फुकट घेऊन जावा, परवाच्या पुरानं माझ्या वावरात शेजाऱ्याची पण आणून टाकलीय.

तर पुतण्याचं. जूनमध्ये पेरणी झाली तेव्हा मी शब्द दिला होता. सोयाबीन चांगलं झालं तर दिवाळीनंतर तुला पुण्याला वर्षभर खोली करून देतो, एखाद्या क्लबात घालतो, एक वर्ष बघू. पोरगं त्या दिवसापासून पहाटे पळायला जातंय. सप्टेंबरात पाणी शिरलं तेव्हा रात्री बाराला खोऱ्या घेऊन माझ्याबरोबर चर काढत होतं. त्याला माहीत होतं तो चर कशासाठी चाललाय. मलाही माहीत होतं. दोघंही बोललो नाही.

भाऊ माझ्यावर चिडलाय. म्हणतो, "तुझी ती रणजी तुझ्यापाशी ठेव. पन्नास वर्षं हरणाऱ्याच्या मागं लागलास, आता पोराला पण लावतोस." मी काय उत्तर देणार? त्याचं चुकलेलं नाही. ज्याच्या घरात ह्या वर्षी बँकेचा हप्ता जायचा नाही, त्यानं पोराला आयटीआयला घाल म्हणावं ह्यात वावगं काय. पण मग विदर्भातल्या कुठल्यातरी बापानंही असंच म्हटलं असेल, अन् तिथं कुणीतरी पोराला हात दिला असेल, हेही माझ्या डोक्यातून जात नाही.

वरच्या तुकड्यातलं जे निघेल ते विकून काय येतंय ते बघतो. पंचनामा झालाय, पैसे खात्यावर आले तर बरं. पुणं नाही झालं तर जालना किंवा संभाजीनगरला दोन महिने तरी. आपल्यापैकी कुणाला मराठवाड्यात हिरवळीच्या खेळपट्टीवर पोरांना शिकवणारा चांगला माणूस माहीत असेल तर खाली कळवा. फी किती, राहायची सोय आहे का, तेवढं सांगा. क्रिकेट कळत नसलं तरी चालेल, पत्ता चालेल.

आज सकाळी पुतण्या मळणीला मदतीला आला. आल्या आल्या विचारतो, "काका, पुढची मॅच कुणाशी?" मी म्हटलं, आधी पोतं धर.

उद्या ऊन राहिलं तर राहिलेलं सोयाबीन मळून घेतो. तुरीवर अळीची अंडी दिसायला लागलीत, पाच टक्के निंबोळी अर्क आत्ताच मारून घ्या, फुलोऱ्यात आल्यावर धावपळ नको.